डिसेक्शन हॉलच्या अलीकडचे सहा आठवडे

प्रस्तावना

वैद्यकीय महाविद्यालयात ॲनाटॉमी शिकवताना मला वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसत आली. पहिल्या वर्षाच्या शेवटी जो विद्यार्थी अडखळतो, तो बहुधा पहिल्या दीड महिन्यातच मागे पडलेला असतो. बुद्धी किंवा मेहनत कमी पडते म्हणून हे होत नाही. ‘नीट’मधून निवडून आलेल्या मुलांकडे या दोन्ही गोष्टी भरपूर असतात. होतं असं, की तीन अगदी नव्या गोष्टी एकाच आठवड्यात त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहतात. लॅटिन आणि ग्रीक मुळांच्या नावांची भाषा ही पहिली. सपाट पानावरच्या चित्रातून शरीराची खोली डोळ्यांपुढे उभी करणं ही दुसरी. तिसरी म्हणजे टेबलावर ठेवलेला माणसाचा मृतदेह. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी काढली तर सावकाश शिकता येते. तिन्ही एकदम शिकायला लावणं हा मुलांवर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे. त्या मतातूनच आमचा उन्हाळी वर्ग सुरू झाला आणि वर्गासाठी हे पुस्तक तयार झालं.

विच्छेदनाची सुरुवात आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हातापासून होते. मृतदेह उताणा ठेवलेला असतो, छातीवरच्या त्वचेला पहिला छेद जातो, छातीचे स्नायू बाजूला होतात आणि काही दिवसांतच विद्यार्थी काखेत पोचतो. काखेत त्याची गाठ ब्रेकियल प्लेक्ससशी पडते. मानेतल्या चार आणि छातीच्या पहिल्या मणक्यापाशी निघणाऱ्या एका, अशा पाच मज्जातंतूंची ही गुंफण आहे. पाच मुळांचे तीन ट्रंक होतात, प्रत्येक ट्रंक दुभंगून सहा डिव्हिजन होतात, त्यांच्या जोडणीतून तीन कॉर्ड तयार होतात आणि कॉर्डमधून दंडाकडे, हाताकडे जाणाऱ्या मुख्य नर्व्ह निघतात. पहिल्या वर्षातल्या सगळ्यात अवघड आकृत्यांपैकी ही एक, आणि ती सत्राच्या अगदी तोंडाशी येते. तिन्ही कॉर्डची नावं त्या ॲक्झिलरी आर्टरीच्या कोणत्या बाजूला आहेत त्यावरून पडली आहेत: लॅटरल, मीडियल आणि पोस्टिरियर. ज्या मुलीला मीडियल म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडची बाजू हे अजून विचार करून आठवावं लागतं, तिच्यासाठी ही आकृती म्हणजे नुसता रेषांचा गुंता. ती तो गुंता पाठ करते, परीक्षेत काढून दाखवते आणि पंधरा दिवसांत विसरते. याच मुलीला दिशांचे शब्द आधी अंगवळणी पडले असते, तर तीच आकृती तिने स्वतःशी बोलत उलगडली असती.

म्हणून या पुस्तकात संपूर्ण शरीर नाही. फक्त हात, खांदा, छातीचा पिंजरा आणि मानेचा थोडा भाग आहे. अनेकांनी मला सुचवलं की पोट आणि मेंदूही घ्या, मुलांचा अभ्यासक्रम आधीच उरकून जाईल. मी ते मानलं नाही. सुट्टीत अभ्यासक्रम उरकण्याची हौस ही कोचिंगच्या वर्षांची सवय आहे आणि ती सोडवणं हासुद्धा या वर्गाचा एक हेतू आहे. एका भागात नीट पाहायला शिकलेला विद्यार्थी बाकीचे भाग महाविद्यालयात स्वतः शिकतो.

मे महिन्याच्या सुरुवातीला ‘नीट’ होते. प्रवेशाच्या फेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत, कधी त्याच्याही पुढे चालतात. मधले महिने घराघरांत कट-ऑफची चर्चा आणि कागदपत्रांची धावपळ यांत जातात. मुलं थकलेली असतात आणि त्यांना विश्रांती मिळायलाच हवी. पण निकालाची वाट पाहण्याचा ताण विश्रांती मिळू देत नाही, हेही मी पाहिलं आहे. दिवसाला दोन तास हाताने करायचं काही काम असलं तर तो ताण उलट हलका होतो. ‘नीट’च्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात, त्यामुळे मुलांना शरीराबद्दल बरंच ठाऊक असतं. मात्र ते ज्ञान कार्याचं असतं, जागेचं नसतं. नेफ्रॉनमध्ये गाळणी कशी होते हे बारावीचा मुलगा तपशीलवार सांगतो. मूत्रपिंड पाठीत नेमकं कुठे आहे, शेवटच्या बरगड्यांच्या मागे किती दडलेलं आहे आणि उजवं डाव्यापेक्षा थोडं खाली का, असं विचारलं की तो थांबतो. वैद्यकाच्या कोणत्याही शाखेत काम करणाऱ्याला दोन्ही लागतं, आणि जागा शिकवायला शाळेकडे वेळ नसतो.

अशा पूर्वतयारीची कल्पना आमची नाही. अमेरिकेत ती जुनी आहे. तिथे रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या आधाराने १९८८ मध्ये अल्पसंख्याक समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय शिक्षणाची उन्हाळी तयारी सुरू झाली. पुढे तिची नावं बदलली, तिच्यात दंतवैद्यक आलं, मग नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपीसारख्या शाखाही आल्या. ती सहा आठवड्यांची असे आणि विद्यार्थ्याला फी भरावी लागत नसे. तिथल्या अनेक विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी सत्र उघडण्यापूर्वीचे ॲनाटॉमीचे छोटे वर्गही असतात. या सगळ्यामागचा विचार मला मोलाचा वाटतो. ज्या घरात आधी कुणी डॉक्टर, नर्स झालेलं नाही त्या घरातल्या मुलाला बुद्धी कमी नसते. पहिल्या दिवशी काय होणार हे सांगणारं माणूस तेवढं त्याच्याकडे नसतं. डॉक्टरांच्या घरातल्या मुलाने मीडियल-लॅटरल हे शब्द जेवताना ऐकलेले असतात. हा फरक सहा आठवड्यांत बऱ्यापैकी भरून निघू शकतो.

आपल्याकडे २०१९ मध्ये एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, तेव्हा सुरुवातीला महिनाभराचा फाउंडेशन कोर्स घातला गेला. त्यात प्रथमोपचार, नीतिमत्ता, संवाद, संगणक, भाषा, आरोग्यकेंद्रांच्या भेटी असं बरंच काही होतं. तो चांगलाच निर्णय होता. पण त्याचं काम वेगळं आहे. तो विद्यार्थ्याला व्यवसायाची ओळख करून देतो, ब्रेकियल प्लेक्सससाठी तयार करत नाही.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण हे पुस्तक मराठीत का, असं मला सारखं विचारलं जातं. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये स्थापन झालं आणि तिथे शिक्षण इंग्रजीतून होतं. पण १८६० च्या दशकात त्याच कॉलेजात मराठी आणि गुजराती माध्यमाचे वैद्यकाचे वर्गही चालले. म्हणजे मराठीतून शरीर शिकवणं हा काही आजचा हट्ट नाही. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये पहिल्या वर्षाच्या एमबीबीएसची हिंदी पुस्तकं काढली, तेव्हा महाराष्ट्रातही चर्चा झाली. माझी भूमिका मधली आहे आणि ती वर्गातल्या अनुभवातून आलेली आहे. नावं आहेत तशी ठेवावीत. ह्यूमरसला प्रगंडास्थी म्हटल्याने मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचं काहीच सोपं होत नाही, उलट त्याला एकाऐवजी दोन अनोळखी शब्द लक्षात ठेवावे लागतात. समजावणं मात्र त्याच्या भाषेत व्हावं. हाडाचा कोणता कोपरा कुठल्या बाजूला वळला आहे, स्नायू कुठून निघून कशावरून जातो, ही वाक्यं मुलाने आपल्या भाषेत ऐकली आणि आपल्या भाषेत परत सांगितली, तरच त्याला ते कळलं की नाही हे शिक्षकाला समजतं. या पुस्तकातली वाक्यं मराठी आहेत आणि संज्ञा देवनागरीत लिहिलेल्या रूढ संज्ञा आहेत. जिथे खवाटा, हासळी, दंड, कोपर, मनगट असे आपले शब्द आहेत तिथे ते मोकळेपणाने वापरले आहेत.

त्या लांबलचक नावांची भीती घालवायला एक आठवडा पुरतो. स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला घाम फुटतो. पण त्यात स्टर्नम म्हणजे छातीचं मधलं हाड आहे, क्लॅव्हिकल म्हणजे हासळी आहे, आणि कानामागे हाताला लागणारा मॅस्टॉइड हा उंचवटा आहे. स्नायू कुठून कुठे जातो ते नावातच लिहिलेलं आहे. आरशासमोर उभं राहून मान उजवीकडे वळवली की डाव्या बाजूचा हा स्नायू दोरीसारखा वर येतो. तो एका बाजूचा आकसला की चेहरा विरुद्ध बाजूला का वळतो, हे त्याची दोन टोकं हातात धरून पाहिलं की पाठ करावं लागत नाही. वर्गात पहिल्या आठवड्यात अशी नावं फोडण्याचंच काम चालतं आणि मुलांना ते खेळासारखं आवडतं.

आता चित्रांबद्दल. ॲनाटॉमीच्या विद्यार्थ्याला ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हे नाव ठाऊक नाही असं होत नाही. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या हेन्री ग्रेने मजकूर लिहिला आणि ते पुस्तक १८५८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली ३६३ चित्रं त्याच्या तरुण सहकाऱ्याने, हेन्री व्हॅन्डाइक कार्टरने काढली. पुस्तक जगभर चाललं ते त्या चित्रांच्या बळावर, असं मला नेहमी वाटत आलं आहे. त्या काळातल्या बऱ्याच पुस्तकांत अवयवांवर बारीक अक्षरं किंवा आकडे घालून खाली यादी द्यायची पद्धत होती. वाचकाची नजर चित्रातून यादीकडे आणि यादीतून चित्राकडे धावत राही. कार्टरने नावं थेट त्या त्या भागावर लिहिली. धमनीचं नाव धमनीच्या वळणाने वळतं, स्नायूचं नाव स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने जातं. नजर हलवावी लागत नाही. चित्रं छपाईच्या लाकडी ठोकळ्यांवर काढायची असल्यामुळे ती उलटी काढावी लागत, हे लक्षात घेतलं की त्याच्या हाताचं कौशल्य अधिकच जाणवतं.

हा कार्टर पुढे आपल्याकडे आला, ही गोष्ट मराठी विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. पुस्तक निघालं त्याच वर्षी तो मुंबईला पोचला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी शिकवू लागला. नंतर तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. पायाला सूज येऊन गाठींतून स्राव वाहणारा मायसिटोमा, कुष्ठरोग, उलटून येणारा ताप अशा इथल्या माणसांच्या आजारांवर त्याने अनेक वर्षं काम केलं. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या आजाराने तरुणपणीच गेला आणि पुस्तकावर त्याचंच नाव राहिलं. कार्टर मात्र चित्रकाराच्या त्याच नजरेने सूक्ष्मदर्शकाखाली इथले रोग पाहत राहिला. पुस्तकातल्या सगळ्या आकृत्यांत आम्ही नावं भागांवरच लिहिली आहेत, आणि विद्यार्थ्यांनीही आपल्या वहीत तसंच करावं असा आमचा आग्रह आहे. बाण काढून समासात नाव लिहिणारा विद्यार्थी नावाची जागा लक्षात ठेवतो, अवयवाची नाही.

चित्र बघून काढलेल्या चित्राला वर्गात किंमत नाही. पुस्तक मिटायचं, आठवेल तसं काढायचं, मग पुस्तक उघडून लाल पेन्सिलीने दुरुस्त करायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिटून काढायचं. मुलं सुरुवातीला वैतागतात, कारण पुन्हा पुन्हा वाचताना सगळं आपल्याला येतंय असं वाटत असतं आणि कोऱ्या कागदासमोर तो समज मोडतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच प्रयोगाने दाखवलं. वाचून झाल्यावर लगेच विचारलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर विचारलं तेव्हा आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे होते. ॲनाटॉमीची तोंडी परीक्षा काही पाच मिनिटांनी होत नसते, आणि रुग्ण तर दहा वर्षांनी समोर येतो.

या पुस्तकाचा गाभा तिसऱ्या भागात आहे आणि मी वाचकाला विनंती करतो की वेळ कमी असेल तर पहिल्या दोन भागांनंतर निदान तेवढा भाग तरी करावा. त्यात जिवंत शरीर आहे: स्वतःचं आणि जोडीदाराचं. गळ्याच्या खाली दोन हासळ्यांच्या मधोमध जो खळगा आहे त्यात बोट ठेवावं आणि छातीच्या हाडावरून हळूहळू खाली सरकवावं. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. तो स्टर्नल अँगल. त्याच्या दोन्ही बाजूंना जी बरगडी जोडलेली आहे ती दुसरी. पहिली बरगडी हासळीमागे दडलेली असल्यामुळे हाताला नीट लागत नाही, म्हणून बरगड्या मोजायला इथूनच सुरुवात करायची. दुसरी, तिसरी, चौथी असं बोटाने उतरत गेलं की चौथ्या फटीत, छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला, ईसीजीचा पहिला इलेक्ट्रोड बसतो आणि डाव्या कडेला दुसरा. पाचव्या फटीत, हासळीच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेच्या थोडं आत, हृदयाचा ठोका हाताला लागतो. रात्रपाळीतली नर्स अंदाजाने इलेक्ट्रोड चिकटवते की मोजून, यावर ईसीजीच्या रेषा खऱ्या की फसव्या हे ठरतं. ती मोजणी शिकायला प्रयोगशाळा लागत नाही, मृतदेह लागत नाही, स्वतःची छाती पुरते.

मनगटावरही असंच आहे. अंगठ्याच्या बाजूला, ठळक दिसणाऱ्या कंडऱ्याच्या बाहेरच्या अंगाला, नाडी लागते. सगळ्यांना नाडी बघता येते, पण ती कोणत्या हाडावर दाबली जाते म्हणून लागते हे फार थोड्यांना सांगता येतं. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट थोडं आत वाकवलं की मधोमध एक बारीक कंडरा वर येतो. तो पामारिस लाँगसचा. वर्गातल्या काही मुलांच्या मनगटावर तो येतच नाही, आणि ती घाबरून हात दाखवायला येतात. त्यांच्यात तो स्नायू जन्मतःच नसतो. पकडीला त्याची फारशी गरज नाही, म्हणून शल्यविशारद दुसरीकडचा तुटलेला कंडरा जोडायला तो काढूनही घेतात. पुस्तकातलं शरीर आणि माणसाचं शरीर यांत फरक असू शकतो, ही या विषयातली अतिशय महत्त्वाची जाणीव मुलांना त्या दिवशी आपल्याच हातावर होते. मला ती वर्षभर व्याख्यानं देऊन करून देता आली नसती.

कोपर टेबलाच्या कडेला आपटलं की करंगळीपर्यंत मुंग्या येतात, हा अनुभव सगळ्यांचा आहे. तिथे अल्नर नर्व्ह कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून, जवळजवळ त्वचेखालून जाते. मुंग्या करंगळीत आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात येतात, अंगठ्यात कधीच येत नाहीत. हे का, असं विचारलं की वर्ग शांत होतो आणि मग कुणीतरी सांगतं की अंगठ्याच्या बाजूची संवेदना दुसऱ्या नर्व्ह घेऊन जातात. तिथून आपण थेट ब्रेकियल प्लेक्ससकडे जातो. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालणारी रेडियल नर्व्ह हाड मोडताना दुखावली की मनगट खाली लोंबतं, हे ऐकून मुलं स्वतःचा दंड चाचपून बघतात. त्या क्षणापासून ती आकृती त्यांची होते.

इथे एक नियम आहे आणि त्यात आम्ही सवलत देत नाही. दुसऱ्याच्या शरीराला हात लावण्यापूर्वी विचारायचं, काय करणार ते सांगायचं आणि होकार मिळाल्यावरच हात लावायचा. मुली मुलींबरोबर जोडी करतात. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी स्वतःच्याच शरीरावर करावं, त्याचं कारण कुणी विचारत नाही. पुढे चाळीस वर्षं रुग्णाला हात लावायचा आहे. ती परवानगी मागण्याची सवय पहिल्या आठवड्यात लागली तर राहते.

हा वर्ग एमबीबीएससाठीच आहे असा समज होऊ नये. नर्सिंग, फिजिओथेरपी, बीडीएस, बीएएमएस, फार्मसी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, सगळ्यांच्या पहिल्या वर्षाला शरीररचना आहे. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला स्नायू आणि सांधे एमबीबीएसच्या विद्यार्थ्याइतकेच, कित्येकदा त्याहून बारकाईने लागतात. दंडावर इंजेक्शन देणाऱ्या नर्सला खांद्याच्या टोकाचं हाड बोटाने ओळखून दोन-तीन बोटं खाली यावं लागतं. फार वर टोचलं तर सांध्याजवळच्या पिशवीला इजा होते, फार खाली गेलं तर नर्व्हला धोका असतो. लसीकरणाच्या रांगेत हे काम दिवसाला शेकडो वेळा होतं.

शेवटचा भाग मृतदेहाविषयी आहे आणि तो लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह पाहण्याची पद्धत दिली आहे. सर्व अवयव शाबूत असलेला, विषाने किंवा दीर्घ आजाराने न गेलेला देह घ्यावा, गवतात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री भिजू द्यावा, आणि मग वाळा, केस किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत थरामागून थर डोळ्यांनी पाहावा. सुश्रुताने हाडं तीनशे मोजली, आज आपण प्रौढ माणसाची २०६ मोजतो. त्याने दात आणि कूर्चाही हाडांतच धरल्या होत्या, म्हणून आकडा वेगळा. बीएएमएसच्या मुलांना हा फरक समजावून सांगितला की प्राचीन आणि आधुनिक अशी भांडणं मिटतात, कारण दोन्हीकडे कुणीतरी खरोखर मोजलेलं होतं. पुढे कितीतरी शतकं ही परंपरा खुंटली. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी विच्छेदन केलं, तेव्हा सामाजिक बहिष्काराची भीती खरी होती.

महाराष्ट्रात मृतदेह महाविद्यालयांना मिळतात ते १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याखाली. काही देह देहदानाचे असतात. काही अशा माणसांचे, जी रुग्णालयात गेली आणि ज्यांना न्यायला कुणी आलं नाही. हा दुसरा भाग विद्यार्थ्यांपासून लपवू नये, असं मला मनापासून वाटतं. टेबलावरच्या त्या माणसाने कदाचित कधीच होकार दिलेला नव्हता. त्याच्या पायावरची भेग, हातावरचं गोंदण, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण हे सगळं त्याच्या जगण्याचं आहे. नव्या अभ्यासक्रमात विच्छेदनाआधी विद्यार्थी शपथ घेतात ही फार चांगली प्रथा आहे. पण शपथेचे शब्द अर्थासह आधी कानावर पडलेले असले तर ती नुसती म्हटली जात नाही, घेतली जाते. वर्गात आम्ही ज्या कुटुंबांनी देहदान केलं त्यांच्याशी मुलांची गाठ घालून देतो. आजीने फॉर्म भरला तेव्हा घरात काय बोलणं झालं, अंत्यसंस्कार झाले नाहीत म्हणून नातेवाईक काय म्हणाले, हे ती माणसं सांगतात. मुलं खूप प्रश्न विचारतात. एरवी असे प्रश्न विचारायला जागा नसते.

पहिल्या दिवशी फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, कुणाला गरगरतं, कुणी बाहेर जाऊन बसतं. यात कमकुवतपणा नाही. त्या दिवशी सकाळी नाश्ता करून जावं, गरगरलं तर खाली बसावं, आणि कुणी हसलं तर मनावर घेऊ नये. रात्री झोप आली नाही तर रूममेटशी बोलावं. मोबाइल हॉलमध्ये नेऊ नये, आणि फोटोचा तर प्रश्नच नाही.

हाडांविषयीही सांगायला हवं. सीनियरकडून ज्युनियरकडे जाणारा बोन-सेट हा हॉस्टेलवरचा नेहमीचा व्यवहार आहे, आणि कॉटखालच्या पोत्यात ती हाडं कशीही पडलेली मी पाहिली आहेत. एके काळी भारतातून मानवी हाडं जगभरच्या कॉलेजांना निर्यात होत असत. त्या व्यापारातले गैरप्रकार उघड झाल्यावर १९८५ मध्ये सरकारने निर्यातीवर बंदी घातली. आपल्या हातातली हाडंही कुणाची तरी आहेत. उन्हाळी वर्गात आम्ही फक्त प्लॅस्टिकचे सांगाडे वापरतो. सहा आठवड्यांच्या कामाला ते पुरेसे आहेत, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या हातात खरी हाडं देण्याची घाई कुणी करू नये.

हा वर्ग आपल्या गावी चालवू इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. शिकवायला प्राध्यापकच हवेत असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी सुट्टीत घरी आलेले असतात, आणि नुकतंच शिकलेला माणूस नुकतंच अडखळलेलाही असतो, त्यामुळे तो चांगलं शिकवतो. एका शिकवणाऱ्यामागे चार-पाचपेक्षा जास्त मुलं नकोत. एक सांगाडा, एक आरसा, रंगीत खडू आणि भिंतीवर चिकटवता येतील असे मोठे कागद एवढं सामान पुरतं. फी घेऊ नये. चाचणी घेऊन क्रमांक लावू नयेत. वर्गात आलेल्या काही मुलांना त्या वर्षी प्रवेश मिळणार नाही, आणि त्यांनीही शेवटपर्यंत बसावं असं वातावरण ठेवावं. त्यांतली काही पुढच्या वर्षी येतात, काही नर्सिंगला किंवा फिजिओथेरपीला जातात, आणि बरगड्या मोजायला शिकलेलं कुठेच वाया जात नाही.

पाठ क्रमाने करावेत. दिशांचे शब्द आणि नावांची फोड हे पहिले दोन भाग झाल्याशिवाय तिसऱ्याकडे वळू नये, आणि ब्रेकियल प्लेक्सस पाचव्या आठवड्याआधी उघडू नये. प्रत्येक पाठानंतर दोन कोरी पानं मुद्दाम सोडली आहेत, ती आठवून काढलेल्या आकृत्यांसाठी. पहिल्या दिवशी येताना पेन्सिल, लाल पेन्सिल आणि खोडरबर आणावं, आणि बाह्या कोपराच्या वर दुमडता येतील असे सैल कपडे घालून यावं.